रक्षा, तिथी, तसबीर: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पितृपंधरवडा तोंडावर आला की सातारा-सांगलीकडच्या पत्रांचा विषय बदलतो. यंदा विधी कसा करावा याबद्दल कमी आणि गेलेल्या माणसाचं मागे उरलेलं सांभाळावं कसं याबद्दल जास्त विचारणा आहे. त्यातल्या सहा पत्रांना ही उत्तरं.

वडिलांची रक्षा नदीत न सोडता बांधावरच्या खड्ड्यात घातली आणि त्यातच केशर आंब्याचं कलम लावलं. अडीच महिन्यांत पानांच्या कडा करपल्या, कलम वाळलं. वडिलांचं काहीतरी राहिलंय, अशी भावकीत कुजबुज आहे. दुसरं झाड लावावं का? (पलूस)

जरूर लावा. वडिलांचं काही राहिलेलं नाही, कलमाला रक्षा बाधली. लाकूड-गोवऱ्यांची राख भिजली की तिचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) 10 च्याही वर जातो. त्यातले क्षार पाण्याबरोबर थेट कोवळ्या पांढऱ्या मुळ्यांवर उतरतात आणि मुळ्या पाणी ओढेनाशा होतात. कडा करपणं ही त्याची पहिली खूण. हाडांचा भाग कॅल्शियम फॉस्फेटचा असतो. चुनखडीच्या जमिनीत तो वर्षानुवर्षं विरघळत नाही, तेव्हा रक्षेचं खत होईल ही आशाही फोल.

त्यात तुमची जमीन कृष्णाकाठची काळी. पलूस, वाळवा, मिरज या पट्ट्यात उसाला वर्षानुवर्षं पाणी पाजून सामू मुळातच 8 च्या पुढे गेलेला असतो. उन्हाळ्यात जमिनीवर पांढरा थर फुटत असेल तर ती क्षारपड झाली आहे. अशा रानात रक्षा अजिबात घालू नका. उलट जावळी, पाटण, महाबळेश्वरकडच्या तांबड्या आम्लधर्मी मातीला थोडी राख मानवते. तिकडच्या पाहुण्यांचं झाड जगलं आणि तुमचं जळलं, यात नशिबापेक्षा मातीचा हात मोठा.

आता करायचं असं. जुन्या जागेपासून पाचेक फूट सरकून एप्रिल-मेमध्ये 3 बाय 3 बाय 3 फुटांचा खड्डा काढा आणि महिनाभर तापू द्या. वरच्या थराची माती, कुजलेलं शेणखत चार-पाच घमेली आणि सिंगल सुपर फॉस्फेट दीड-दोन किलो एवढंच आत भरा. भर जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच ठेवा, कारण काळ्या रानातला खड्डा खचला की पावसात त्याचं डबकं होतं आणि मुळं गुदमरतात. लावणी दोन चांगले पाऊस झाल्यावर करा. कलमाचा सांधा मातीच्या वर राहील हे बघा आणि सांध्यावरची प्लास्टिकची पट्टी आठवणीने सोडा. ती तशीच राहिली तर वर्षा-दोन वर्षांत खोडाला काच पडतो आणि वाऱ्यात झाड तिथेच मोडतं.

रक्षेतली मूठ-दोन मूठ बाजूच्या मातीत मिसळून झाडापासून तीन फुटांवर गोल पसरा. आठवणीला तेवढी पुरते. उरलेली रान क्षारपड नसेल तर गुंठ्याला आठ-दहा किलोच्या हिशेबाने पातळ फेका आणि कुळवाने मातीत मिसळा. पोतंभर रक्षा एका खड्ड्यात ओतणं आणि तीच पाच-सहा गुंठ्यांवर पसरणं यात झाडाच्या दृष्टीने जीवन-मरणाचा फरक आहे. अस्थी मात्र सावडतानाच वेगळ्या काढतात. त्या हरिपूरला किंवा नरसोबाच्या वाडीला न्यायच्या असतील तर मडकं, कापड, हार नदीत न टाकता माघारी आणा.

झाड कोणतं, याचाही विचार करा. कलमी आंब्याला पहिली तीन-चार वर्षं माणूस लागतो. मुलं पुण्या-मुंबईला असतील तर चिंच, जांभूळ, करंज, कडुनिंब बरे. आटपाडी-जत किंवा माण-खटावकडे चिंच आणि कडुनिंबच. पहिले दोन उन्हाळे चार-पाच दिवसांनी 10 ते 15 लिटर पाणी द्या. उसाचं पाचट आळ्यात चार इंच अंथरा, पण खोडापासून वीतभर लांब. आणि उसाच्या पट्ट्यात स्मृतिवृक्षांचा खरा काळ म्हणजे तोडणीनंतर पेटवलेलं पाचट. बांधाकडेचा सहा फुटांचा पट्टा आधी झाडून घ्या. सामाईक बांध असेल तर लावण्यापूर्वी शेजाऱ्याला विचारा. सावलीने ऊस पिवळा पडतो ही त्याची तक्रार खोटी नसते, आणि वडिलांच्या नावाच्या झाडावर कुऱ्हाड पडलेली कुणालाच बघवत नाही.

दहाव्याला संगम माहुलीला तास-दीड तास थांबलो, पण कावळा पिंडाला शिवला नाही. आईची कसली इच्छा राहिली असेल? (सातारा)

घाटावर दिवस उजाडल्यापासून पिंड ठेवले जातात. अकरा वाजेपर्यंत कावळ्यांची पोटं भरलेली असतात. त्यातून पंचवीस माणसं पिंडाभोवती कोंडाळं करून मोबाइल उगारून उभी राहिली तर भुकेला कावळाही उतरत नाही. सकाळी लवकर जावं, पिंड मोकळ्या जागी ठेवावा आणि सगळ्यांनी वीस-पंचवीस पावलं मागे सरावं. अर्धा तास वाट पाहून दर्भाचा कावळा करून शिववण्याची सोय परंपरेनेच दिलेली आहे आणि तेवढ्याने विधी पुरा होतो. 'धाकटीचं लग्न आम्ही बघू' असं मोठ्याने सांगायची रीत आहे, ती पाळा. फक्त जे खरोखर करणार असाल तेच बोला.

आजोबा कोयनेच्या भूकंपानंतरच्या उन्हाळ्यात गेले एवढंच घरात माहीत आहे. म्हाळ सर्वपित्रीला घालतो. खरी तिथी शोधता येईल का? (पाटण तालुका)

भूकंप 11 डिसेंबर 1967 चा, म्हणजे तुमचा उन्हाळा 1968 चा. साल हाती आलं की निम्मं काम झालं. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गावाचं जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, पाहायला मागा. ग्रामपंचायतीचं जुनं दप्तरही बघा. अर्जात गावाचं तेव्हाचं नाव, आजोबांचं वडिलांच्या नावासह पूर्ण नाव आणि मार्च ते जून 1968 असा कालावधी लिहा. आडनावाऐवजी नुसतं नाव किंवा घरातलं टोपणनाव लिहिलेलं सापडतं, तेव्हा एका नावावर अडून बसू नका. नोंद मिळाली की रकाना नीट वाचा. मृत्यूची तारीख आणि नोंद केल्याची तारीख वेगळ्या असतात, आणि घोळ बहुतेक इथेच होतो.

तारखेवरून तिथी काढताना दुसरा घोळ होतो. दिनदर्शिकेच्या चौकोनात छापलेली तिथी सूर्योदयाची असते. समजा त्या दिवशी अष्टमी दुपारी 2.40 पर्यंत आहे आणि माणूस संध्याकाळी 6 ला गेला, तर तिथी नवमी धरायची. म्हणून मृत्यूची वेळ, निदान सकाळ की रात्र एवढं तरी, घरातल्या सर्वांत वडील बाईंना विचारा. 'गुरं सोडायच्या वेळी', 'दिवे लागले होते' असं त्यांना बरोबर आठवतं. मोबाइलवरच्या पंचांगात 1968 ची तारीख घालून तिथीची समाप्तीची वेळ दिसते, ठिकाण मात्र पाटण किंवा सातारा निवडा.

तिथी मिळाली की म्हाळ पितृपक्षात त्याच तिथीला घालायचा, महिना आणि पक्ष कुठलाही असो. वर्षश्राद्धाला मात्र महिना, पक्ष, तिथी तिन्ही लागतात. श्राद्धाची तिथी अपराह्णकाळी, साधारण दीड ते चारच्या दरम्यान असलेली धरतात, त्यामुळे चौकोनातली तिथी आणि पंचांगातलं 'नवमी श्राद्ध' कधी कधी एका दिवसाने वेगळं दिसतं. पंचांगात श्राद्ध म्हणून छापलेला दिवस घ्या. नोंदीत नुसता महिना कळला तर त्या महिन्याची अमावास्या. काहीच सापडलं नाही तर सर्वपित्री आहेच, आणि ती दुय्यम मुळीच नाही.

आजीचा एकुलता एक फोटो 2019 च्या महापुरात भिजला आणि फ्रेमच्या काचेला चिकटला. सोडवायचा कसा? (सांगली, गावभाग)

सोडवू नका. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. तो भिजून फुगला आणि काचेवर बसून वाळला, आता ओढाल तर चेहराच काचेवर राहील. वाफ किंवा गरम पाणी तर नकोच, जिलेटिन वितळतं. आधी काचेसकट प्रत काढा. स्वस्त, पातळ स्कॅनरवर काचेमागचं चित्र धूसर येतं. त्यापेक्षा फ्रेम टेबलावर सपाट ठेवून दोन्ही बाजूंनी तिरका उजेड द्या, कॅमेऱ्यामागे काळं कापड धरा म्हणजे काचेत प्रतिबिंब पडत नाही, आणि बरोबर वरून फोटो घ्या. आठ-दहा घ्या, थोडा थोडा उजेड बदलून.

एखाद्या पाहुण्याकडे तिचा पासपोर्ट आकाराचा सुटा फोटो निघाला तर तो 1200 डीपीआयला स्कॅन करा. साडेचार सेंटिमीटर उंचीतून 2100 च्या आसपास पिक्सेल मिळतात, 8 बाय 10 इंचाच्या तसबिरीला पुरेसे. 12 बाय 18 चा हट्ट धरलात तर चेहरा मेणाचा दिसेल.

स्टुडिओत दुरुस्तीला देताना एक गोष्ट बजावून सांगा. हल्ली सॉफ्टवेअर आपोआप डाग काढतं, आणि कपाळावरचं किंवा हनुवटीवरचं गोंदण त्याला डागच वाटतं. नाकातली मोरणी पुसली जाते, एक डोळा बारीक असेल तर दोन्ही सारखे होतात. फोटो छान येतो, पण त्यातली बाई तुमची आजी नसते. फाटलेली पार्श्वभूमी आणि कपडे दुरुस्त करा, चेहऱ्याला हात लावू नका, असं लिहून द्या. छापण्याआधी तो तिच्या मुलांना मोबाइलवर दाखवा.

नवी तसबीर मॅट कागदावर घ्या आणि काच व फोटो यांच्यात जाड पुठ्ठ्याचा माउंट घाला, पुन्हा चिकटणार नाही. गंध-कुंकू काचेवरच लावा. पावसाचा मारा येणारी भिंत टाळा आणि फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावा, म्हणजे मागे हवा खेळते. पुढे कधी फोटो भिजलेच तर गठ्ठा तसाच वाळू देऊ नका. स्वच्छ गार पाण्यात सुटे करा आणि चेहरा वर ठेवून सावलीत कापडावर पसरा. दोन दिवसांत ते जमणार नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा आणि सवडीने सोडवा.

आईचे व्हॉट्सॲपवरचे आवाजी निरोप हीच तिची आठवण. फोन बदलला तर जातील का? (कराड)

नुसत्या फोनवर विसंबलात तर जातील. सिम 90 दिवस वापरलं नाही तर नंबर बंद होऊन पुढे दुसऱ्याला मिळू शकतो, आणि व्हॉट्सॲपचं खातं 120 दिवस निष्क्रिय राहिलं की पुसलं जातं. आईचा नंबर ठेवायचा असेल तर मृत्यूचा दाखला घेऊन कंपनीच्या दुकानात वारसाच्या नावावर करून घ्या. बँकेचे ओटीपी त्यावर येत असतील तर ही घाई जास्तच.

अँड्रॉइड फोन केबलने संगणकाला जोडा. व्हॉट्सॲपच्या मीडिया फोल्डरमध्ये 'व्हॉइस नोट्स' नावाचं फोल्डर आहे, आत साल-आठवड्याप्रमाणे फोल्डरं, त्यांत 'पीटीटी' ने सुरू होणाऱ्या फायली. सगळं फोल्डर जसंच्या तसं उतरवा. फाईलच्या नावात तारीख असते, बोलणाऱ्याचं नाव नसतं, म्हणून आईचे निरोप ऐकून वेगळे काढावे लागतात. 'चॅट एक्स्पोर्ट' करून मीडियासकट एक प्रतही घ्या, त्यात कुठल्या बोलण्यावर कुठला निरोप हे कळतं. मूळ ओपस फायली ठेवाच, शिवाय एमपी3 करा, कुठल्याही फोनवर वाजतात. एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर, एक भावाकडे. गूगल ड्राइव्हवर ठेवलंत तर दोन वर्षं कुणी उघडलं नाही तर गूगल ते खातं काढून टाकू शकतं, हे लक्षात असू द्या. फोनचा पॅटर्न माहीत नसेल तर अंदाजाने पुन्हा पुन्हा लावू नका, काही फोन सगळा मजकूर पुसतात.

वडिलांच्या स्मरणार्थ जिल्हा परिषद शाळेत 51,000 रुपयांची ठेव ठेवून दरवर्षी बक्षीस द्यायचं आहे. काय काळजी घ्यावी? (तासगाव)

6 ते 7 टक्क्यांनी वर्षाला तीन-साडेतीन हजार हाती येतील. त्यात एकच बक्षीस ठेवा, आणि करंडकापेक्षा वह्या-पुस्तकं किंवा सायकल दुरुस्तीसारखा रोख उपयोग बरा. ठेव पतसंस्थेत नको, बँकेत ठेवा. पाच लाखांपर्यंतचं ठेव विम्याचं संरक्षण बँकांना आहे, सहकारी बँकांनाही, पतसंस्थांना नाही. ठेव शाळा व्यवस्थापन समितीच्या नावे, सही मुख्याध्यापक आणि अध्यक्ष यांची संयुक्त. व्याज वर्षाला खात्यात जमा होईल असा प्रकार निवडा. चक्रवाढीची पावती घेतलीत तर बक्षीस समारंभाच्या आदल्या दिवशी हातात काहीच नसेल.

अशा ठेवी बुडत नाहीत, विसरल्या जातात. मुख्याध्यापकांची बदली होते, पावती कपाटात राहते, मुदत संपते. म्हणून बक्षीस कुणाला, कोणत्या दिवशी, व्याज उरलं तर काय करायचं आणि शाळा बंद झाली किंवा दुसरीत मिसळली तर ठेव कुठे जाईल, हे एका पानाच्या पत्रात लिहा. समितीच्या सभेत ठराव करून घ्या आणि ठरावाचा क्रमांक पत्रावर घाला. एक प्रत शाळेच्या दप्तरात, एक केंद्रप्रमुखांकडे, एक तुमच्या घरी. पावतीची मुदत संपायची तारीख घरातल्या तरुण माणसाच्या मोबाइलवर टाकून ठेवा, तुमच्या नव्हे.