साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो का?

प्रश्न: आईची केमो चालूय. नातेवाईक म्हणतात साखर तोडा, आणि रक्तातला आंबटपणा जावा म्हणून खाण्याच्या सोड्याचं पाणी द्या. देऊ का?

उत्तर: नका हो देऊ. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबर्गनी १९२० च्या दशकातच दाखवलं की ऑक्सिजन असूनही गाठीतल्या पेशी भरपूर ग्लुकोज ओढून त्याचं लॅक्टिक अ‍ॅसिड करतात, म्हणून तर पेट स्कॅनमध्ये (ग्लुकोजसारखं किरणोत्सारी औषध टोचून काढतात तो स्कॅन) गाठ चमकते, आणि ते अ‍ॅसिड त्या बाहेर टाकतात त्यामुळे आंबटपणा गाठीभोवती असतो, रक्तात नाही. रक्ताचा पीएच (आंबटपणाचं माप) ७.३५ ते ७.४५ किडनी नि फुप्फुसं सांभाळतात, रोज सोडा पिऊन उलट त्रासच. आणि भात-पोळी तोडली तरी लिव्हर ग्लुकोज बनवतंच, वजन मात्र आईंचं उतरेल, त्यांना पोटभर जेवू द्या, डायबेटिस असेल तर डॉक्टरांना विचारून.