नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको येण्याआधी तिथल्या घणसोली गावात खरंच भातशेती होती का? खाडीचं पाणी तर खारट!

हो, होती, आणि खाडीला लागून असलेल्या खारजमिनीतही होती. भरतीचं पाणी शिरू नये म्हणून गावकरी मातीचे बांध घालत आणि त्यात उघाडी, म्हणजे पाणी सोडायची-अडवायची दारं, ठेवत. ओहोटीला शेतातलं जास्तीचं पाणी खाडीत निघून जाई, भरतीला दार बंद. पावसाच्या पहिल्या सरींनी वरच्या थरातलं मीठ धुऊन निघालं की मगच भात तग धरतो. पावसाळा सरला की मीठ पुन्हा वर येतं, म्हणून वर्षाला एकच पीक. बांध एका जागी फुटला तरी अनेकांची शेतं खारी होतात, त्यामुळे त्याची राखण एकट्यादुकट्याचं काम नव्हतं. या पट्ट्यातल्या आगरी-कोळी गावांच्या या मेहनतीची नोंद शहराच्या इतिहासात ठळकपणे व्हायला हवी. सिडकोची स्थापना १९७० ची. पुढे ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी घेतल्या गेल्या आणि शेती संपत गेली. मात्र गावची सगळीच जमीन खारी समजू नका. पूर्वेला पारसिक डोंगराच्या बाजूची शेतं भरतीच्या पाण्यापासून दूर होती, तिथे बांध-उघाडीची गरज नव्हती.