बंब, आगबोट आणि स्टीमपंक

प्रश्न : मुलगी जुन्या टोपीवर बिघडलेल्या घड्याळाची चाकं चिकटवत बसली आहे. विचारलं तर म्हणते, ‘हे स्टीमपंक.’ म्हणजे नेमकं काय? (रत्नागिरी)

तुमच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब अजून असेल तर तो तिला दाखवा. मधोमध नळकांडं, त्यात निखारे, भोवती पाणी, बाजूला पितळी तोटी. आमसुलाने घासला की लखलखतो. आता असं समजा की जगाची सगळी प्रगती या बंबाच्या वंशातच झाली. पेट्रोल आणि मायक्रोचिप यांचा नंबर लागलाच नाही. विमान वाफेवर उडतं, कॉम्प्युटर दातेरी चाकांवर चालतो, आणि काळ बहुधा व्हिक्टोरिया राणीचा. असं जग उभं करणारी गोष्ट म्हणजे स्टीमपंक. हे नाव १९८७ सालचं. तेव्हा हॅकरांच्या सायबरपंक कथांची चलती होती. के. डब्ल्यू. जेटर या लेखकाने ‘लोकस’ मासिकाला पत्र लिहून आपल्या आणि दोन मित्रांच्या कथांना थट्टेत ‘स्टीमपंक’ म्हटलं. थट्टा चिकटली ती कायमची.

टोपीबद्दल म्हणाल तर, ती चाकं काही काम करत नसतील तर ती नक्षी झाली. पण करू दे, सुरुवात अशीच होते.

प्रश्न : कॅप्टन नेमोची ‘नॉटिलस’ पाणबुडी स्टीमपंकच ना? आणि नेमो आपल्याकडचा होता असं बाबा सांगतात, ते खरं का? (मालवण)

बाबांचं बरोबर आहे. ज्यूल व्हर्नची पाणबुडीची कादंबरी १८७० ची, पण नेमो कोण हे कळतं पुढच्या ‘मिस्टीरियस आयलंड’मध्ये. तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, १८५७ च्या उठावात इंग्रजांशी लढलेला. गंमत म्हणजे त्याची नॉटिलस चालते विजेवर! शिवाय व्हर्न पुढचं स्वप्न पाहत होता, स्टीमपंकवाला मागे वळून पाहतो. म्हणून व्हर्नला या घराण्याचा आजोबा म्हणा, कर्ता नव्हे. आपल्या डोळ्यांपुढे येते ती रिव्हेट ठोकलेली, मगरीसारखी नॉटिलस पुस्तकातली नाहीच. ती डिस्नेच्या १९५४ च्या चित्रपटातली.

प्रश्न : एकच पुस्तक, एकच सिनेमा सुचवा. (चिपळूण)

पुस्तक : गिब्सन आणि स्टर्लिंग यांचं ‘द डिफरन्स इंजिन’ (१९९०). एकोणिसाव्या शतकातला इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेज, त्याची दातेरी चाकांची गणनयंत्रं त्याच्या हयातीतच चालली असती तर, ही कल्पना. प्रत्यक्षात त्याच्या हातून ती पुरी झाली नाहीत. लंडनच्या सायन्स म्युझियमने त्याच्या आराखड्यावरून एक १९९१ मध्ये बांधलं आणि ते बिनचूक चाललं. पुस्तक जड आहे, धीर धरा. सिनेमा : कात्सुहिरो ओतोमोचा ‘स्टीमबॉय’ (२००४), १८६६ च्या इंग्लंडातला. यंत्रं पाहत राहावीत अशी. कथेची वाफ मात्र मध्येच निघून जाते.

प्रश्न : मी मराठीत स्टीमपंक कथा लिहिते आहे. गॉगल, लोकरी कोट सगळं उसनं वाटतं. कोकणात हे बसेल? (वेंगुर्ले)

मे महिन्यात वेंगुर्ल्यात लोकरी कोट घालणारा नायक दुसऱ्या पानावर घेरी येऊन पडेल. काढून टाका तो. आपल्याला उसनवारीची गरज काय? आगगाडी, आगबोट हे शब्द आपल्याच आजीच्या तोंडचे. मुंबईहून निघालेली आगबोट कितीतरी बंदरांत खोल पाण्यातच थांबे. मग ट्रंक, पोर, कोंबडी सगळं पडावात उतरवून किनाऱ्याला लागायचं. आणि पावसाळ्यात बोटी बंद. लंडनच्या कथांमधली वाफ कुणापुढे वाकत नाही, आपली मृगापुढे वाकते. ही तुमच्या कथेची पहिली अडचण, म्हणजे पहिलं प्रकरण.

दुसरी गोष्ट अधिक बोचरी. १८८५ मध्ये इंग्रजी फौज आगबोटींतूनच इरावती नदीने ब्रह्मदेशाच्या राजधानीवर, मंडालेवर चालून गेली, आणि तिथल्या थिबा राजाला नेलं तेही आगबोटीनेच. पुढे तो रत्नागिरीत नजरकैदेत राहिला आणि १९१६ मध्ये तिथेच वारला. वाफेचं कौतुक करताना तिच्यावर स्वार कोण होतं, हे पुष्कळ विलायती कथा सोयीने विसरतात. तुम्ही विसरू नका. १९०६ मध्ये तुतिकोरीनला चिदंबरम पिळ्ळै यांनी स्वदेशी आगबोट कंपनी काढली होती; इंग्रजी कंपनीने भाडी पाडली, सरकारने त्यांना तुरुंगात घातलं. ती कंपनी तगली असती आणि तिची बोट एका रात्री दिवे मालवून थिबा राजासाठी रत्नागिरीला आली असती तर? घ्या, कल्पना फुकट.

एक सूचना. बॉयलरला खारं पाणी सोसत नाही, आतून क्षारांचा थर बसतो. बंबाच्या तळाशी खरवडतो तसलाच, पण फार लवकर. तेव्हा तुमच्या बोटीला गोडं पाणी कुठल्या विहिरीवरून येतं आणि ते कोण भरतं, एवढं आधी ठरवा. कथा पाठवलीत तर मी तेच आधी शोधेन.