मधल्या सहा वर्षांचं काय लिहू?

"मॅडम, मधल्या सहा वर्षांचं काय लिहू?"

बायोडेटात 2018ला बी.ए. पूर्ण, त्यापुढे 2024पर्यंत कोरं. तिथे त्याने पट्टी लावून सरळ रेघ मारली होती. सांगली जिल्ह्यातला मुलगा, वय 29. सहा वर्षं पुण्यात, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत. एमपीएससीची पूर्वपरीक्षा दोनदा पास, दोन्ही वेळा मुख्यला अडकला.

नोकरीसाठी सल्ला घ्यायला येणाऱ्या मुलांकडून हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. "वर्षं वाया गेली" हे त्याच्या मागून येणारं वाक्य ठरलेलं. बाहेर बाकावर त्याची आई बसली होती. ती विचारत होती, "अजून एक वर्ष देऊ का त्याला?" खुल्या वर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 वर्षांपर्यंत बहुतेक परीक्षा देता येतात, त्यामुळे हे एक वर्ष संपतच नाही. तिला एवढंच सांगितलं, जेवताना भावकीतल्या नोकरी लागलेल्या पोराचा विषय काढू नका.

त्याला विचारलं, खर्च कसा भागवलास? घरून थोडे यायचे, बाकी मेसमुळे भागायचं. अकरा पोरांनी मिळून एक मावशी ठेवल्या होत्या, हिशेब हा बघायचा आणि त्याबदल्यात याचं जेवण फुकट. पुढच्या वेळी वही घेऊन ये म्हटलं.

लांबट वही, कडेला हळदीचे डाग. प्रत्येकाच्या नावापुढे खाडे, सिलिंडरची तारीख, किराण्याचे भाव, थकलेली बाकी पुढच्या पानावर ओढलेली. चार वर्षांत एकही महिना सुटलेला नाही. मी पानं उलटत होते आणि तो संकोचून म्हणत होता, "हे काय काम आहे का मॅडम?"

काम नाही तर काय! रेघ खोडली आणि लिहिलं : स्पर्धा परीक्षेची तयारी, सोबत चार वर्षं अकरा जणांच्या मेसचा हिशेब व खरेदी. यात काही लपवलं नाही, काही फुगवलंही नाही.

त्याच वर्षी मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना सुरू झाली होती. तेव्हा मुदत सहा महिने, पदवीधराला महिना 10,000 रुपये. ‘महास्वयं’ या सरकारी पोर्टलवर नोंदणी केली, तालुक्यातल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये जागा मिळाली. हे प्रशिक्षण आहे, पुढे ठेवून घेतीलच असं नाही, हे मी आधीच स्पष्ट बोलले होते. आणि झालंही तसंच, ठेवलं नाही. तो आठवडा वाईट गेला. पण तोवर संध्याकाळच्या क्लासला टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकून झालं होतं, आणि आवक-जावक रजिस्टर कसं चालतं ते हाताखालून गेलं होतं. महिनाभरात तासगावकडे बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये स्टोअर क्लार्क म्हणून लागला.

परीक्षेचा फॉर्म त्याने यंदाही भरलाय. हंगाम सोडला की दुपारी गर्दी नसते, तेव्हा काउंटरवर वाचतो म्हणाला.