निम्मा ज्यूस, निम्मं पाणी

प्रश्न: घरात सात आणि दहा वर्षांची दोन मुलं आहेत. ज्यूसचा लिटरचा खोका दोन दिवसांत संपतो. साखर आणि खर्च दोन्ही कमी व्हावेत म्हणून निम्मं पाणी घालून दिलं, तर ‘पाणचट लागतं’ म्हणून ग्लास तसेच राहिले. मग खोक्यातच पाणी घालून ठेवलं, तो ज्यूस तिसऱ्या दिवशी आंबला. काय चुकलं?

उत्तर: पाणी खोक्यात घातलंत, हे पहिलं. बंद खोक्यातला ज्यूस टिकतो तो तापवून निर्जंतुक केलेला असतो म्हणून. फोडल्यावर त्याला आधार उरतो तो थंडाव्याचा आणि स्वतःच्या आंबटपणाचा. पाण्याने आंबटपणा पातळ होतो, वर पाण्यातले जंतू आत जातात. म्हणून पाणी पिताना ग्लासातच घाला. खोका फ्रिजमध्ये ठेवा, त्याला तोंड लावू देऊ नका.

दुसरं, एकदम निम्म्यावर आलात. 200 मिलीच्या ग्लासात पहिला आठवडा 150 मिली ज्यूस आणि 50 मिली पाणी, मग 130 आणि 70, तिसऱ्या आठवड्यात निम्मंनिम्मं. पाणी फ्रिजमधलंच हवं. कोमट झालेला पातळ ज्यूस कुणालाच आवडत नाही. बर्फ टाकणार असाल तर तोही पाण्यातच धरा. सफरचंदाचा ज्यूस मुळात कमी आंबट, त्यात लिंबाचे चार-पाच थेंब पिळा. संत्र्याच्या ज्यूसला चिमूटभर काळं मीठ पुरतं. पाण्याऐवजी थंड सोडा घातला तर पाणचटपणा जवळजवळ कळत नाही, पण ग्लास तिरका धरून हळू ओता, नाहीतर फेस ओट्यावर. गर खाली बसतो, तेव्हा खोका आधी हलवा.

हिशेब असा: बिनसाखरेच्या ज्यूसमध्येही 100 मिलीला साधारण 11 ग्रॅम साखर असते, म्हणजे ग्लासाला 22 ग्रॅम, साडेचार चमचे. निम्म्यावर आणलं की 11 ग्रॅम. खोका 120 रुपयांचा धरला तर ग्लास 24 वरून 12 रुपयांवर येतो. मात्र पातळ आहे म्हणून दोन ग्लास प्यायले, तर साखर आणि पैसे दोन्ही होते तिथेच.

खोक्यावर ‘फ्रूट ड्रिंक’ लिहिलेलं असेल, तर त्यात फळाचा अंश 10 टक्के असला तरी नियमात बसतं. बाकी बहुतेक साखरेचं पाणीच. त्यात आणखी पाणी घालण्यात काय अर्थ? त्यापेक्षा बिनसाखरेचं कोकम आगळ एक-दोन चमचे ग्लासभर पाण्यात घाला. ते खारट असतं, वरून मीठ नको.

प्रश्न: वडील इन्सुलिन घेतात. त्यांनाही हाच पातळ ज्यूस दिला तर?

उत्तर: रोजच्यासाठी डॉक्टर सांगतील तेवढा. पण साखर उतरून घाम, थरथर सुरू झाली तर पातळ ज्यूस देऊ नका. तेव्हा सुमारे 15 ग्रॅम साखर लगेच पोटात जावी लागते, म्हणजे पाणी न घातलेला साधारण 150 मिली ज्यूस. 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. त्यांच्यासाठी 200 मिलीचा एक छोटा खोका वेगळा ठेवा, मुलांच्या हाती लागणार नाही असा.