दावाओ, डेव्हाओ आणि उगाच मधे आलेला देव

प्रश्न असा आलाय: भाची मेडिकलला फिलिपिन्समधे चाललीय, त्या शहराचं नाव दावाओ लिहायचं का डेव्हाओ, आणि ते 'देव'वरून आलंय हे खरं का?

डेव्हाओ अजिबात नाही. ॲडमिशनवाले एजंट सर्रास डेव्हाओ डेव्हाओ करतात नि आईबाप तेच उचलतात, डोकं उठतं अगदी. तिथला द दातातलाच, ड नव्हे, जोर पहिल्या दा वर. गावात बहुतेक लोक बिसाया (विसाया बेटांवरची भाषा) बोलतात, त्यांच्या तोंडी तर सरळ 'दाबाव' होतं (आपला दबाव नव्हे, हसू नका).

देवाचं म्हणाल तर ही आपली जुनी खोड, द आणि व शेजारी दिसले की लगेच संस्कृत! देवता तिकडे पोचलीय हे खरंय, 'दिवाता' म्हणून, रानातली डोंगरातली शक्ती, परी म्हणा हवं तर, जवळच्याच एका प्रांतात सोन्याच्या खाणींचा दिवाता नावाचा डोंगरच आहे. शहराच्या नावाशी मात्र तिचा काडीचा संबंध नाही.

नाव नदीचं आहे आणि खरी मजा इथेच आहे. तिथल्या बागोबो लोकांच्या तीन शाखा, ओबो या नदीला म्हणायचे दावाह, क्लाता म्हणायचे दावाव, तागाबावा म्हणायचे दाबो. आता जिथे बघाल तिथे छापलेलं असतं की तिन्हींचं 'मिश्रण' होऊन दावाओ झालं. मिश्रण कसलं डोंबलाचं? तीन जमाती बसून नावाची भेळ करतात का? नाव एकच, तोंडं तीन, आपण वन म्हणतो नि हिंदीवाला बन म्हणतो तसंच. दुसरा पक्ष सांगतो की मूळ ब च होता, व स्पॅनिश लोकांनी घुसडला. स्पॅनिशमधे ब आणि व एकच उच्चारतात, त्यामुळे स्पेलिंगवरून काहीच सिद्ध होत नाही हे मान्य, पण ओबोंच्या बोलीत व आधीपासून आहे ना! माझं मत विचाराल तर तो व वरच्या डोंगरातूनच नदीबरोबर खाली आलाय, ब वाल्यांनी उगाच स्पॅनिशांना श्रेय देऊ नये.

स्पॅनिशांना तर हे नाव नकोच होतं. 1848 मधे ओयांगुरेन नावाच्या स्पॅनिश माणसाने तिथला सरदार दातू बागोला हरवलं आणि वसाहतीचं नाव ठेवलं न्वेवा व्हेर्गारा, स्पेनमधल्या स्वतःच्या बास्क गावावरून. 1867 मधे ते गळून पडलं आणि नदीचं नाव परत आलं.

याहून भारी म्हणजे 'दावाओकुओ'. 1907 मधे ओहता क्योसाबुरो या जपान्याने कंपनी काढली, हजारो जपानी येऊन आबाकाच्या (धाग्यासाठी लावतात ती केळीसारखी झाडं) बागा लावून बसले, आणि जपानने चीनच्या मांचुरियात 'मांचुकुओ' हे आपल्या मुठीतलं राज्य उभं केल्यावर मनिलाच्या राजकारण्यांना नि पेपरवाल्यांना धडकी भरली की दक्षिणेतही असंच एक राज्य निघतंय, म्हणून शेपटाला मांचुकुओमधला चिनी 'कुओ' म्हणजे देश चिकटवून टोमणा मारला, दावाओकुओ! शहराची सनद 1936 ची, म्हणजे ऐन याच भीतीच्या काळातली. पुढे महायुद्धात जपानी सैन्य आलंच, नि हरल्यावर इथल्या जपान्यांना परत पाठवलं. विसाया बेटांवरचे लोक तर आधीपासूनच येत होते, युद्धानंतर लोंढाच लागला, म्हणून मिंडानाओ बेटावरच्या या शहरात आज रस्त्यावर बिसाया ऐकू येते, वर मनिलाकडच्या तागालोग भाषेची फोडणी. 2020 च्या जनगणनेत साडेसतरा लाखांच्या वर माणसं, नि क्षेत्रफळ एवढं अवाढव्य की आपो पर्वताचा उतारसुद्धा शहराच्या हद्दीत येतो.

आणि हो, आबाकाला 'मनिला ताग' लिहिणाऱ्यांनो, तो ताग नाही, अंबाडीही नाही, ती केळीच्या कुळातली, सोपटातून धागा काढतात. मनिला बंदरातून माल जायचा म्हणून मनिलाचं नाव लागलं, पिकत मात्र होता इतर प्रांतांत, नि पुढे दावाओतही.