समुद्रफुलातली कोळंबी

प्रश्न : ग्रँड बेटापाशी बुडी मारताना समुद्रफुलाच्या (सी ॲनिमोन या फुलासारख्या सागरी प्राण्याच्या) दंश करणाऱ्या शुंडकांत एक पारदर्शक कोळंबी निर्धास्त फिरताना दिसली. तिला दंश होत नाही का? – एक वाचक, वास्को

उत्तर : आपल्या हुमणात (माशांच्या आमटीत) पडणाऱ्या सुंगटांहून (कोळंब्यांहून) ही मंडळी वेगळी. अंगावर पांढरे ठिपके आणि शेपटीवर काळ्या कडेचे नारिंगी डाग असतील, तर ती पेरिक्लिमिनीस ब्रेव्हिकार्पॅलिस असावी. अशा काही जातींची कोळंबी नव्या समुद्रफुलाला आधी नांगी, मग पाय, मग सारे अंग टेकवत दंशाची सवय करून घेते, आणि काही दिवस दूर राहिल्यास ही सवय मोडते. पाठ्यपुस्तके तिला निरुपद्रवी सहभोजी (दुसऱ्या प्राण्याच्या आश्रयाने राहणारी, पण त्याचे नुकसान न करणारी) म्हणतात. प्रत्यक्षात आश्रय देणाऱ्याची शुंडके ती अधूनमधून कुरतडतेही.